वर्गमूळ अधिक एक

सिल्वासाच्या डोकमर्डीत आम्ही ज्यांच्या घराखालच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्या घरमालकांना आसपासच्या बारावीच्या पोरांचे आईबाप मे-जून महिन्यात लांबूनच नमस्कार करायचे. जवळ जायची सोय नव्हती. जवळ गेलं की काका विचारणार, "पुढे काय करतंय पोरगं?" आणि बापाने छाती फुगवून "फार्मसी" म्हटलं की संपलं. काका प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढणार, बापाला तिच्यात बसवणार, पोराला स्कूटरवर मागे बसवणार, आणि आठवड्याभराने ते पोरगं भलत्याच कोर्सची चौकशी करत फिरताना दिसणार. एका बाईने तर त्यांच्या दारावरून जायचं टाळायला मुलाला पलीकडच्या गटारावरच्या फळीवरून क्लासला पाठवायला सुरुवात केली होती.

सिल्वासात फार्मसीचं वेड असायला कारण होतं. सायली गावाच्या रस्त्याला लागलं की औषधांच्या कंपन्या ओळीने उभ्या. आमच्या आळीत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे पॅकिंगला, मशीनवर नाहीतर गोडाऊनला होतं. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला पांढरा कोट घालून बसलेली पोरं रोज दिसतात, आणि ती फार्मसी शिकलेली असतात असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. झालं. पोर दहावी पास झालं की घरात त्याचं ठरून जायचं. पोराला विचारायची पद्धत नव्हती.

माझंही ठरलं होतं. पप्पा जळगावकडचे, चुलत्याच्या ओळखीने इथे आलेले, आणि सायलीच्या एका कंपनीत गोळ्या दाबायच्या मशीनवर ऑपरेटर. माणूस कमी बोलायचा. पण मी बारावी पास झाले त्या दिवशी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन ते सगळ्या आळीत सांगत सुटले, "पोरगी फार्मसी करतीये." मला फार्मसी हवी की नको, हे मलाही माहीत नव्हतं. नको म्हणायला दुसरं काहीतरी हवं असावं लागतं, आणि माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

काका स्वतः औषधाच्या कंपनीतूनच रिटायर झालेले. क्वालिटीचे अधिकारी, म्हणून पोरांनी नाव ठेवलं क्वालिटीकाका. मूळचे डहाणूकडचे, त्यामुळे मराठीला अधूनमधून गुजरातीची फोडणी. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी टॉर्च. "हे कंपनीतून रिटायर झाले, पण कंपनी काही यांच्यातून निघाली नाही," असं काकू म्हणायच्या, आणि ते अगदी खरं होतं.

आम्ही राहायला आलो तो दिवसच घ्या. दारात टेम्पो उभा. त्यात पलंग, पिंप, शिलाई मशीन आणि सगळ्यांच्या वर सिलिंडरवर बसलेली माझी आई. काका रिकाम्या खोलीत एकटेच शिरले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. बराच वेळ झाला. टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. पप्पा आत डोकावले तर काका गुडघ्यांवर बसून टॉर्चने ओट्याखाली बघत होते.

"लाइन क्लिअरन्स चाललाय," काका न वळता म्हणाले.

पप्पांना ते ताबडतोब कळलं आणि ते अदबीने बाहेर येऊन उभे राहिले. कंपनीत एका औषधाची बॅच संपून दुसरी सुरू व्हायच्या आधी मशीनखाली, पट्ट्याखाली, कोपऱ्याकोपऱ्यात मागच्या औषधाची एकही गोळी राहिली नाही, हे क्वालिटीवाला येऊन बघतो. तो हो म्हणेपर्यंत मशीन चालू करायची नाही. काका खोलीलाही तोच नियम लावायचे. शेवटी ते बाहेर आले ते लढाई जिंकल्यासारखे, बोटाच्या टोकावर एक लाल टिकली चिकटवून. आधीच्या भाडेकरणीची, आरशामागे राहिलेली.

"ही राहिली असती तर तुमच्या संसारात मिसळली असती," ते आईला म्हणाले.

आई म्हणाली, "भाऊ, आधी मले खाली उतरू द्या."

कंपनीत प्रत्येक भांड्याला पाटी लावलेली असते: साफ आहे, साफ करायचं आहे, वापरात आहे. काकांनी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यांनाही तशा पुठ्ठ्याच्या पाट्या दोरीने अडकवल्या. काकूंनी काही दिवस सोसलं. एकदा काका मागच्या दारी केळीला खत घालून, कोपरापर्यंत चिखल माखून आले, तेव्हा काकूंनी 'साफ करायचं आहे' ही पाटी त्यांच्या गळ्यात घातली आणि त्या पाणी तापवायला गेल्या. काका पाटी न काढता दारात दूधवाल्याशी बोलत उभे राहिले. दूधवाल्याने विचारलं, तर म्हणाले, "बरोबर छे. अजून आंघोळ व्हायचीय." त्यांच्या मते ज्याने नियम केला त्याने तो स्वतःलाही लावून घ्यावा, आणि त्यात लाज कसली.

पण त्यांची खरी ख्याती होती ती 'वर्गमूळ अधिक एक' या मंत्रामुळे. कंपनीत कच्च्या मालाची पिंपं आली की सगळी उघडून बघत नाहीत, तेवढा वेळ नसतो. एकच उघडून भागत नाही, ते नेमकं चांगलं निघायचं. मग जितकी पिंपं, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं, त्यात एक मिळवायचा आणि तितकी उघडायची. काकांनी हा हिशेब जन्मभर कंपनीत केला आणि मग बाजारात आणला. पंचवीस आंब्यांच्या पेटीतले सहा चाखून बघायचा आपल्याला हक्क आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. किलवणी नाक्यावरचा आंबेवाला त्यांची स्कूटर दिसली की पेटीवर ताडपत्री ओढायचा आणि काका मोठ्याने म्हणायचे, "सॅम्पल देत नाही त्याचा माल घेऊ नये." मग काकू गुपचूप दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्याकडूनच पेटी आणायच्या. आंबे गोडच असायचे.

शिक्षणाच्या बाबतीत काकांचा राग असा होता की चारशे रुपयांचे आंबे घेताना माणूस पेटी हुंगून बघतो आणि पोरीच्या जन्माचं काम ठरवताना एकाच माणसाला विचारतो, आणि तोही मावसभाऊ असतो. "फार्मसी शिकायचीय? शिक ना! कोण ना म्हणतंय? पण पिंप न उघडता माल घ्यायचा?" मग ते बोटांच्या पेरांवर मोजायचे. औषधाचं दुकान, कंपनीची लॅब, कंपनीचं प्रॉडक्शन, डॉक्टरांकडे बॅग घेऊन फिरणारा एमआर, पॅकेजिंग, खाण्याच्या वस्तूंची तपासणी, नर्सिंग, रक्त-लघवीची लॅब, आहारशास्त्र. फार्मसीत मिळणारी कामं आणि तिच्या शेजारच्या वाटा मिळून नऊ. नवाचं वर्गमूळ तीन. तीन माणसं पोराने निवडायची. आणि वरचा एक? तो आंधळा. तो यादीबाहेरचा असला तरी चालेल, पण पोराने निवडायचा नाही आणि काकांनीही नाही. जो समोर येईल तो.

या माणसांना काय विचारायचं तेही ठरलेलं. पगार विचारायचा नाही, तो कुणी खरा सांगत नाही. सुट्ट्या विचारायच्या नाहीत. प्रश्न एकच: "काम संपवून घरी जाता, तेव्हा या कामातलं तुमच्याबरोबर घरी काय येतं?" काका स्वतः तिथे हजर राहायचे, पण मागे, स्कूटर पुसत. मत द्यायचे नाहीत. कुणी फारच मागितलं तर म्हणायचे, "मी रिपोर्ट देतो, सल्ला देत नाही." रिपोर्टही द्यायचे नाहीत.

ते फार्मसीच्या विरुद्ध होते हा आळीचा गैरसमज होता. आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी चारही माणसांना भेटून आली आणि नाचत फार्मसीलाच गेली. आज ती जोरात आहे. एक मुलगा पॅकेजिंगला गेला. तो आता औषधांची खोकी डिझाइन करतो, आणि त्याने स्वतःच्या लग्नाची पत्रिका अशी काही घडीची केली की ती उघडायला पाहुण्यांना जमेना. बरेच जण फोन करून तारीख विचारत होते. काकांनी मात्र ती पत्रिका बरोबर उघडली आणि पुन्हा बंदही करून दाखवली.

तर पप्पा पेढे द्यायला काकांकडे गेले. बाकीचे आईबाप काकांना टाळायचे, पण पप्पांच्या मनात अधिकारी माणसाबद्दल इतका आदर होता की पहिला पेढा त्यांनाच द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. काकांनी पेढा घेतला, वास घेतला, खाल्ला आणि विचारलं, "पोरीने पिंपं उघडली का?" पप्पांना नकार देता येत नाही. ते म्हणाले, "उघडंल की." मी लगेच तयार झाले. खरं कारण सांगायचं तर मला स्कूटरवर फिरायला मिळणार होतं.

पहिली भेट दुकानातल्या ताईंची. स्वतः फार्मसी शिकलेल्या, मूळच्या वलसाडच्या, दुकान नाक्यावर. मी प्रश्न विचारला, तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाला 'ती पिवळीवाली' म्हणजे नेमकी कुठली पिवळी हे विचारत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "घरी काय येतं? अरे, बोलणंच येतं! काल सासूला पोळी वाढली ने, तर तोंडातून निघालं, 'दोन वेळा, जेवणानंतर.' सासू बघतच राहिली." त्या खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "पण कोणाचा ताप उतरला की तो सांगायला येतो. चॉकलेट घेऊन येतो. ते पण घरी येतं." मला त्या आवडल्या. मात्र दुकानात त्यांना एकदाही पूर्ण वाक्य बोलायला मिळालं नाही, हेही मी बघितलं. मला पूर्ण वाक्यं बोलायला लागतात.

दुसरा एमआर. तो आम्हाला वापीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर सापडला, टाय घालून, पेशंट लोकांच्या मधोमध. "बहेनजी, घरी ना, हसू येतं," तो म्हणाला आणि हसला. "सकाळी चढवतो, संध्याकाळी उतरत नाही. बायको म्हणते, माझ्यावर पण प्रॉडक्ट विकताय का?" तेवढ्यात डॉक्टरांचं दार उघडलं आणि तो उठून असा काही प्रसन्न झाला की मला त्याची काळजीच वाटली.

तिसरी, अथालच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमधून उतरलेली, लॅबमधली मुलगी. रत्नागिरीची. तिला विचारल्यावर तिने आधी इकडेतिकडे बघितलं. "घरी? शिस्त येते हो. आमच्याकडे लिहिताना चुकलं की खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एकच रेघ मारायची, सही करायची, तारीख टाकायची. आता घरी किराण्याची यादी लिहिताना साखरेचं वजन चुकलं तरी मी सही करते. वाणी घाबरतो." काका मागे स्कूटर पुसत होते, त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू पोटची पोर बोलतेय. तिला काम आवडत होतं, अगदी मनापासून. तिला शांत बसणं आवडायचं, एका भिंगाखाली एक गोष्ट दिवसभर बघणं आवडायचं. मी घरी येऊन दहा मिनिटं शांत बसून बघितलं. पाचव्या मिनिटाला आईने विचारलं, "तुले बरं नाही का?"

राहिला आंधळा. तो काकूंनी ठरवला, कारण काकूंना वापीलाच जायचं होतं. "मला कानाच्या बाईंकडे सोडा आणि पोरीलाही घेऊन चला. डोळे मिटून निवडायचं ना? घ्या, मिटले," असं म्हणून त्यांनी खरोखरच डोळे मिटले. काकांना आक्षेप घ्यायला जागा राहिली नाही.

काकूंचे कान तपासायचे, हा हट्ट काकांचा होता. बायको आपलं काही ऐकत नाही म्हणजे तिला ऐकू कमी येतं, असा त्यांनी तर्क काढला होता. त्या कानाच्या मॅडमनी काकूंना एका जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं आणि बाहेरून एकेक बारीक आवाज पाठवला. आवाज आला की बटण दाबायचं. मग त्यांनी कागद काकांपुढे ठेवला. "कान एकदम चांगले आहेत हो. तरुण मुलीसारखे."

काकू शांतपणे पदर सारखा करत म्हणाल्या, "मला माहीत होतं. यांना कागदावर लागतं."

काकांनी कागद उलटून मागची बाजूही तपासली.

मॅडमनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली आणि तेवढ्यात एक म्हातारी आली, मुलाबरोबर. आमच्याच खानदेशातली. मुलगा तिला सोडून गाडी लावायला गेला. मॅडम गुजराती, म्हातारीची बोली त्यांना कळेना म्हणून त्या हिंदीतून समजावत होत्या आणि म्हातारी प्रत्येक गोष्टीला "हव" म्हणत होती, पण बटण काही दाबत नव्हती. मी पुढे झाले. आमच्या बोलीत सांगितलं, आजी, कानात चिमणीएवढा आवाज आला तरी बटण दाबायचं. आजीने मान हलवली. खोलीचं दार लागलं. मॅडमनी आवाज हळूहळू वाढवत नेला, आणि एका जागी म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिने बटण दाबलं आणि काचेतून माझ्याकडे बघून विचारलं, ते आतल्या माइकमधून बाहेर ऐकू आलं, "कोन बोलावतं व मले?"

मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण मला तिथून हलावंसं वाटेना. म्हातारी गेल्यावर मी मॅडमना म्हटलं, मला पण आत बसायचंय. त्यांनी बसवलं. दार लागलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या छातीची धडधड ऐकली. बाहेर आल्यावर काकांचा प्रश्न विचारला. मॅडम म्हणाल्या, "घरी काय येतं? कुणी किती वर्षांनी काय ऐकलं, ते येतं. एक माणूस सांगत होता, 'मॅडम, माझी चप्पल वाजते हे मला माहीतच नव्हतं.'" त्यांचा कोर्स चार वर्षांचा, तोही मुंबईला. कान आणि वाचा, दोन्हींचा. आज मीच लोकांच्या कानांवर ते हेडफोन चढवते, त्यामुळे माझं मन तिथे बसलं हे सांगायची गरज नाही. प्रश्न पप्पांचा होता. त्यांनी पेढे वाटले होते.

मी आईला सांगितलं, आईने पप्पांना. पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच ते इस्त्रीचा शर्ट घालून काकांच्या जिन्याकडे निघाले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "जा मांगे. खोली खाली करतो म्हनत होते." मी त्यांच्या मागे जिना चढले. खोली गेली तर जाऊ दे, पण पप्पा कधी कुणाशी भांडले नव्हते, आणि भांडायची वेळ माझ्यामुळे आली होती.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. पप्पा बसले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही पोरीले चार मानसं दाखवली. दुकानवाली, ब्यागवाला, लॅबवाली, कानवाली. बरोबर?"

"बरोबर."

"मी बी त्याच धंद्यातला हाये ना? लगन झाल्यापासून गोळ्याच दाबतो. तुमच्याच खाली राह्यतो. मले कोनी इचारलं?"

नऊ वाटांतली तिसरीच वाट 'कंपनीचं प्रॉडक्शन' होती, काका स्वतः ती पेरांवर मोजायचे. पण प्रॉडक्शन म्हणजे त्यांच्या मनात केबिनमधला अधिकारी. मशीनपाशी उभा राहणारा माणूस हेही एक पिंप आहे, हे त्या जन्मभराच्या क्वालिटीवाल्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

काका उठून उभे राहिले. "हे डेव्हिएशन आहे," ते म्हणाले. कंपनीत नियम चुकला की ज्याने चुकवला त्याने ते आपल्या नावावर घ्यायचं असतं, त्याला हा शब्द. "माझ्या नावावर. माझं चुकलं."

आतून काकू विळी बाजूला ठेवून दारात आल्या. "पुन्हा म्हणा बरं," त्या म्हणाल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. आणि कान तर माझे चांगले आहेत."

पप्पांनाही हसू आलं आणि त्या हसण्यातच ते खुर्चीत बसले. काका समोर बसले, स्कूटर पुसायला गेले नाहीत. त्यांनी विचारलं, "काम संपवून घरी जाता, तेव्हा तुमच्याबरोबर घरी काय येतं?"

पप्पांनी खुर्ची जरा पुढे सरकवली. मग म्हणाले, "आवाज येतो."

"कसला?"

"मशीनचा. मी बंद करून येतो, ते बंद होत नाही. बारीक शिट्टी वाजल्यावानी. जेवताना बी, झोपताना बी. लय वर्सं झाली. म्हनून तं टीव्ही मोठा लावतो. हिची माय वरडते, तिले वाटतं मले आयकू येत नाही. आयकू येतं. ते शिट्टीचं दाबायले लावतो."

"कुणाला सांगितलं का?"

"काय सांगू? दुखत तं नाही." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आमच्या डिपार्टच्या पुढं लॅब हाये. एकदा सही आनायले गेलतो. दार लागलं आन् बाहेरचं सगळं शांत. दोन मिनिटं उभा राह्यलो तं बाहेर यावसं वाटेना. म्हनलं, आपली पोरगी अशा जागी बसली पाह्यजे. फार्मसी बिर्मसी मले काय कळतं? तिथल्या पोराले इचारलं तू काय शिकला, तो म्हने फार्मसी. म्हनलं, हेच."

इतके दिवस मला वाटत होतं, पप्पांना पांढरा कोट हवाय, आळीत मिरवायला. पप्पांना माझ्यासाठी शांतता हवी होती, आणि ती कुठल्या कोर्सात मिळते हे त्यांनी एका मुलाला विचारून ठरवलं होतं. मला रडू फुटलं. काकूंनी मला पाणी दिलं, आणि पप्पांनाही दिलं. कानात असं वाजत राहणं बहुतेकदा पूर्ण जात नाही, आटोक्यात ठेवता येतं, हे मी पुढे शिकले आणि सगळ्यात आधी पप्पांवरच वापरलं. त्या दिवशी मात्र मला एवढंच सुचलं की मी म्हटलं, "पप्पा, त्या मॅडमची खोली तुमच्या लॅबपेक्षा शांत आहे. खरंच."

पप्पांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "माझ्याकडे बघू नका, मी सल्ला देत नाही. पिंप उघडा."

दुसऱ्या दिवशी पप्पांनी कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मी आणि ते शेअरिंगच्या इको गाडीत बसून वापीला गेलो, काका स्कूटरवर मागून. मॅडमनी तपासणी नंतर करू म्हणून आधी नुसतंच आत बसवलं, हेडफोन नाही, बटण नाही. जाड दार लागलं. पप्पा स्टुलावर हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले होते. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच होते आणि मॅडमनीही दार उघडायची घाई केली नाही. काका भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते, आणि तो स्वच्छच होता.

दार उघडल्यावर पप्पा बाहेर आले, चपला घालायला वाकले.

"माझं तं तिथंबी वाजतंय," ते म्हणाले, आणि चपलेचा पट्टा ओढून सरळ उभे राहिले. "पन तुह्यासाठी खोली चांगली हाये. भर फॉर्म."